अण्णांची वळकटी

बेचाळीसच्या भाद्रपदात आमच्या भिंगारच्या अण्णांनी तुरुंगात जायची वळकटी बांधली, ती शिमग्यापर्यंत उंबऱ्याशी तयारच होती. कुठला तुरुंग, किती दिवस, काही ठरलेलं नाही. एवढंच काय, पकडायला अजून कोणी आलंही नव्हतं! "सरकारचं काय सांगता येतंय?" अण्णा म्हणायचे. "आपुन तयार असावं."

अण्णा विणकर. त्यांच्या मागाला लागूनच माझा माग, त्यामुळं हा सगळा पसारा रोज माझ्या डोळ्यांपुढं. येरवड्याला नेलं तर थंडी, म्हणून घोंगडी. विसापूरला नेलं तर उन्हाचा कहर, म्हणून कांदा. नाशिकला नेलं तर पाऊस, म्हणून छत्री. "तुरुंगात छत्री कोण उघडू देतंय?" मी एकदा विचारलं. "तू लई शाना! गेलायस कधी?" जसे काही हे चारदा जाऊन आले होते! दर रविवारी वळकटी सोडायची, ऊन दाखवायचं, कांदा बदलायचा, पुन्हा बांधायची.

घरातलं जे जे बरं, ते ते वळकटीत. चांगला तांब्या आत, उशी आत. अण्णा आपले रॉकेलच्या डब्यानं अंघोळ करायचे आणि विटेवर डोकं टेकून झोपायचे. अण्णांची बायको, आमची काकी, भाकरी थापता थापता म्हणायची, "तुरुंग कशापायी हुडकताय? ह्यो काय घरातच हाय की!"

पण पकडेनाच कोणी. चौकीसमोर उभं राहून अण्णांनी घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या. हवालदार बाहेर आला आणि म्हणाला, "अण्णा, आमच्या मंडळीचं लुगडं कुठवर आलं?" अण्णांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. दोन दिवस मागावर बसले नाहीत. "आळीतली चार मानसं आत गेली. म्याच काय पाप केलंय?" म्हणाले, आणि खरोखर डोळे पुसले. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

शिमगा झाला आणि एका सकाळी तोच हवालदार दोन शिपाई घेऊन दारात हजर. अण्णांनी टोपी नीट केली, वळकटी खांद्यावर घेतली. "चला!"

"तुमी न्हाई, अण्णा." हवालदारानं हातातला कागद वाचला. "सगुणाबाई कोण?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीतच नाही आमच्यात. अण्णांची हाक म्हणजे "अगं ए", आणि आळीची ती काकी. नाव कुणाला ठाऊक असणार! काकीच चुलीपासून उठली आणि हात पुसत पुढं आली. सुताच्या कांड्यांच्या टोपलीत, तळाशी चळवळीची पत्रकं घालून तिनं सहा महिने ती नगरात पोचवली होती. अण्णांना पत्ता नाही!

अण्णांनी वळकटी खांद्यावरून खाली ठेवली. मग ती सोडली. धोतर, वस्तरा, छत्री बाहेर काढली. काकीचं लुगडं, फणी, कुंकवाचा करंडा आत ठेवला. उशी होती तिथंच राहू दिली. "हिला गार वारं सोसत न्हाई," ते हवालदाराला म्हणाले. "कुटं नेनार? कवा सोडनार?" स्वतःसाठी हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"ते मला तरी कुटं ठावं, अण्णा," हवालदार खाली बघत म्हणाला.

वळकटी डोक्यावर घेऊन अण्णा चौकीपर्यंत मागोमाग चालत गेले. सगळी पेठ बघत होती. भर बाजारात ते एकाएकी थांबले आणि छाती काढून ओरडले, "सगुणाबाई की जय!" आम्हीही आवाज चढवला. काकीनं पदर पुढं ओढला, चौकीच्या दाराशी अण्णांच्या डोक्यावरची वळकटी घेतली आणि त्यांच्याकडं न बघताच आत गेली.

अण्णा चौकीच्या पायरीवर बसून राहिले. "माजी बायकू हाय ती!" येईल-जाईल त्याला सांगत होते. "आळीत हाय का कुनाची अशी?"

माणसं पांगली. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाले, "चारचौघांत नाव घेतलं म्या तिचं. रागावली नसंल ना रं?"