सोलापूरकरांचा वाटा

हिरामावशींना माणसाचं नाव चालत नाही, गाव लागतं. मुरब्याहून मासळीची टोपली घेऊन त्या बोईसरला आमच्या इमारतीखाली बसतात आणि नवं माणूस दिसलं, की भाव सांगायच्या आधी विचारतात, "कुठले तुमी?" उत्तर दिलं, की तुमचं बारसं झालंच. शेजारचे मिश्राजी मासळीला शिवतही नाहीत. टोपली जरा लांब न्या, एवढंच सांगायला ते खाली गेले आणि गोरखपूरकर होऊन वर आले.

मी सोलापूरकर. बावीस वर्षं इथल्या कारखान्यात काढली, घर घेतलं, मुलगी इथेच शिकली. तरी मावशी मला काही बोईसरकर म्हणेनात. एकदा तर मी चिडून रेशनकार्डच दाखवलं. ओल्या हातांनी त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "हा सरकारचा कागद. नाळ कुठं पुरली ती सांगा." मी मुकाट्याने बोंबील घेतले, पण आठवडाभर धुसफुसत होतो.

मग आई गेली. वर्षभराने सोलापूरचं घर विकलं आणि किल्ली नव्या मालकाच्या हातात देऊन परत आलो. तिकडे आता माझं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर मावशींनी पानाखाली मासळी झाकून ठेवलेली.

"सोलापूरकर, तुमचा वाटा ठेवलाय."

भर रस्त्यात माझे डोळे भरून आले. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. सावरायला म्हणून विचारलं, की मावशी, तुमचं गाव मुरबेच ना?

त्या पानं नीट करत राहिल्या. "मुरबं सासरचं. माहेर चिंचणी. सासू मला चिंचणीवाली म्हनायची, तवा राग यायचा. सासू गेली, जावा गेल्या. आता घरात सगली आजी म्हनतात, हितं मावशी. चिंचणी कुनी म्हनत नाय."

बावीस वर्षं या बाईने माझं गाव जपलं आणि मी तिचं साधं विचारलंही नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जिन्यातूनच हाक मारली, "चिंचणीकर, बोंबील आहेत का?"

मावशींचा हात टोपलीतच थांबला. वर न बघता त्या म्हणाल्या, "परत एकदा म्हना."

मी म्हणालो.