भोकाला काय म्हणावं?

एका जंगलात एक तळं होतं. आता ते कुठे गेलं म्हणून विचारू नका, बाळांनो, त्याचीच तर गोष्ट सांगतोय. मध्ये बोललात तर इथेच थांबेन. मग बसा रडत.

तळ्याला मातीचा बांध होता. बांधाखालच्या वाळूत गिरजाक्का नावाच्या कासविणीने अठरा अंडी पुरली होती. कासवाची अंडी एकदा पुरली की हलवायची नसतात. हलवली तर आतला जीव जातो. म्हणून अक्का तिथेच बसून दिवस मोजायची. वीस दिवस उरले होते.

एके सकाळी तिला बांधात बोटभर भोक दिसलं. बारीक धार लागली होती. भोक उंचावर आणि अक्काचे पाय आखूड. तोंडात चिखल धरून चार वेळा चढली आणि चारही वेळा उताणी पडली. हसू नका. उताणं पडलेल्या कासवाचे हाल कासवालाच ठाऊक.

बांध तुडवायचं काम गव्यांचं. गव्यांचा नाईक धोंडबा शेजारीच रवंथ करत बसला होता.

"धोंडबा, अरे बांधाला भोक पडलंय. दोन पाय मार की बाबा!"

"मारतो की, अक्का. कचेरीतून चिठ्ठी आणा."

"चार पावलांवर तर आहे मेलं!"

"मागल्या साली बिनचिठ्ठीचं बुजवलं, तर चौकशी आमचीच लागली. म्हणे, बुजवायला आलात म्हणजे पाडलंही तुम्हीच असणार. नको रे देवा! तुम्ही चिठ्ठी आणा, बघता बघता बुजवतो."

कचेरी डोंगराच्या पायथ्याशी होती. गव्याला घटकाभराची वाट, गिरजाक्काला पुरते दोन दिवस.

कचेरीत सदूभाऊ साळिंदर बसायचे. अंगावरचाच काटा उपटायचे, शाईत बुडवायचे आणि लिहायचे. दर अर्जाला एक काटा जायचा, त्यामुळे अर्जदार दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"सदूभाऊ, बांधाला भोक पडलंय."

"असं नाही चालत, अक्का. हा रकाना बघा. 'काय झाले आहे ते एका इंग्रजी शब्दात लिहावे.' महाराजांचा हुकूम आहे."

महाराज म्हणजे वाघ. ते नुकतेच परराज्यात आठ दिवसांचं शिबिर करून आले होते. गेले तेव्हा डरकाळी फोडायचे. आले ते हळू आवाजात इंग्रजी बोलत आले.

"मग लिहा, प्रॉब्लेम," अक्का म्हणाली. एवढं इंग्रजी तर कोल्ह्याच्या पोरांनाही येत होतं.

सदूभाऊंनी जीभ चावली. "हळू बोला! प्रॉब्लेम म्हटलं की तो कुणी केला, हे आलंच. नाव सांगा."

"मला काय ठाऊक कुणी केला?"

"मग ज्याने पाहिला त्याचं नाव घालतो. गिरजाक्का, राहणार बांधाखाली."

अक्काने अर्ज ओढून घेतला. सदूभाऊ म्हणाले, "घरी जाऊन नीट विचार करा, दुसरा शब्द आणा. एका फेरीत एकच शब्द, असा नियम आहे."

दोन दिवस चालून अक्का घरी आली. भोक मुठीएवढं झालं होतं. वाळू वरून ओली झाली होती. तिने वाळूला कान लावला. आत काही ऐकू आलं नाही, तरी तिला बरं वाटलं. एका खारीने तिला "इश्यू" असा शब्द सुचवला. तो पाठ करत ती पुन्हा दोन दिवस चालली.

"वा!" सदूभाऊंनी काटा उपटला. "आता कसं बोललात! इश्यू स्वीकारला."

"मग द्या चिठ्ठी."

"चिठ्ठी कसली? प्रॉब्लेम असेल तर तो सोडवतात. इश्यू असेल तर त्याच्यावर चर्चा होते. चार दिवसांनी जांभळीखाली चर्चा ठेवलीय. पहिल्या रांगेत बसा, तुमचाच मान."

चर्चेला कीर सर आले. हे पोपट. एका साहेबाच्या पिंजऱ्यात अकरा वर्षं काढलेली, त्यामुळे इंग्रजीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. सुटून आले तरी पिंजऱ्याचं दार त्यांनी प्रमाणपत्र म्हणून जपून ठेवलं होतं.

कीर सर तीन तास बोलले. "ट्रबल हा गरिबांचा शब्द आहे. कन्सर्न घरंदाज आहे, तो लांबून वाटतो, त्यासाठी जागेवर जावं लागत नाही. क्रायसिस फार भारी. त्याला निदान हरणांचा एक कळप तरी वाहून जायला हवा."

महाराज मान डोलावत होते. ससे लिहून घेत होते. अक्काला राहवेना. ती उठली.

"महाराज, हात जोडते. मी निघाले तेव्हाच भोक मुठीएवढं होतं, आता माझ्या डोक्याएवढं झालं असेल. माझी अंडी आहेत हो खाली!"

महाराज गंभीर झाले. त्यांनी कीर सरांना विचारलं, "डोक्याएवढं असेल तर काय म्हणतात?"

"चॅलेंज, महाराज! प्रॉब्लेम आला की राजा चुकला असं लोक म्हणतात. चॅलेंज आलं की राजा शूर आहे असं म्हणतात."

महाराजांचे डोळे भरून आले. टाळ्या थांबेनात. सदूभाऊंनी हुकमासरशी काटा उपटला आणि चिठ्ठी लिहिली: 'बांधास चॅलेंज पडले आहे. ते सत्वर स्वीकारावे.'

अक्का चिठ्ठी तोंडात धरून पळाली. हो, पळाली. कासव पळतं, बाळांनो, पोरं बांधाखाली असली की पळतं. दोन दिवसांची वाट तिने दीड दिवसात कापली.

बांध नव्हता. वाळूही नव्हती. धोंडबा गुडघाभर चिखलात उभा होता. त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

"चिठ्ठी बरोबर आहे, अक्का," तो म्हणाला. "पण आता बुजवू काय?"

चार दिवसांनी अक्का कचेरीत आली. सदूभाऊंनी नवा अर्ज पुढे केला. 'काय गेले ते एका इंग्रजी शब्दात लिहावे.' कीर सर आता तिथेच नेमणुकीला होते. ते मायेने म्हणाले, "लॉस म्हणू नका, फार खाजगी वाटतं. डॅमेज वस्तूंचं होतं. सेटबॅक बघा, त्यात थोडी आशा आहे."

"अठरा होती," गिरजाक्का म्हणाली.

"हो, पण शब्द?"

"अठरा होती हो."

तिने तळ्याच्या चिखलाने भरलेला पाय उचलला आणि रकान्यात ठेवला. मग वळून चालू लागली.

सदूभाऊंनी अर्ज उजेडात धरून पाहिला. एक काटा उपटला आणि खाली शेरा मारला: 'मजकूर अस्पष्ट. अर्ज निकाली.'

तात्पर्य: बांधाला भोक पडलं तर चिखल शोधू नये, शब्द शोधावा. चिखलाने भोक नुसतं बुजतं. चांगला शब्द सापडला, तर ते मुळात पडलेलंच नसतं.