हिरवी बॅग आणि नापासराव

रविवारी दुपारी नापासरावांनी ठरवलं होतं ते एवढंच, की बायकोच्या नव्या बॅगेची चेन पाच वेळा उघडून-मिटून बघायची आणि बॅग होती तिथे ठेवून द्यायची. सहाव्यांदा हात लावायचा नाही. माणसाचा स्वतःवर ताबा असावा, असं त्यांचं ठाम मत होतं. (मत असणं वेगळं आणि ताबा असणं वेगळं, हे त्यांना त्याच रविवारी संध्याकाळी कळायचं होतं.)

नापासराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बॅगा आणि सुटकेसी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक नवा नमुना आधी त्यांच्या टेबलावर यायचा. ते त्याला आपटायचे, भिजवायचे, हँडलला वजन लावून तासभर टांगून ठेवायचे आणि शेवटी फॉर्मवर लाल शाईने 'नापास' लिहून शांतपणे चहा प्यायला जायचे. लग्नात सासऱ्यांनी दिलेली सुटकेससुद्धा त्यांनी दुसऱ्याच दिवशी नापास केली होती, आणि तसं सासऱ्यांना रीतसर पत्राने कळवलं होतं. सासरे पुढे दोन वर्षं बोलत नव्हते.

बायको डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. खिडकी केवढी, तर ताटाएवढी. बावीस वर्षं तिने त्या खिडकीतून हजारो पेशंटांची नावं लिहून घेतली, आणि बावीस वर्षं खांद्याला एकाच छापाची कापडी पिशवी लावून ती घरी आली. पिशवीवर डोळ्यांत घालायच्या औषधाची जाहिरात होती. फुकट मिळालेली पिशवी फाटली, की कंपनीवाले दुसरी देत. मग महिन्याभरापूर्वी तिला विभागप्रमुख केलं. सोमवारी सगळ्या डॉक्टरांसमोर तिची पहिली मीटिंग होती.

"आजवर लोकांनी मला गळ्यापर्यंतच पाहिलंय," बढतीच्या दिवशी ती म्हणाली. "त्या मीटिंगमध्ये मी अख्खी दिसणार."

ती हे हसत म्हणाली, पण नापासरावांच्या काळजात चर्र झालं. तिच्या गळ्याखाली काय असतं याचा आपणही बरेच दिवस विचार केलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. (याचा भलता अर्थ कोणी काढू नये. ते कपड्यांबद्दल विचार करत होते.)

मग तिने कॉलेजात जाणाऱ्या लेकीला हाताशी धरलं आणि सलग तीन रविवार कपाट उपसलं. प्रत्येक कपडा अंगावर चढवायचा, आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, 'हा घालून मी त्या खोलीत शिरले तर मान वर राहील का?' राहील तो ठेवायचा. नाही राहणार तो गाठोड्यात. शेवटी सोळा कपडे उरले आणि कपाटाच्या दांडीवर ते असे ऐटीत लटकले की दार उघडलं की बघत राहावं. सत्तावीस कपड्यांचं गाठोडं वरच्या फळीवर गेलं. दांडीच्या मधोमध सोमवारचं काळं जाकीट होतं. आणि शनिवारी, आयुष्यात पहिल्यांदा, तिने स्वतःसाठी एक चैन केली. नावाजलेल्या डिझायनरची, गर्द हिरवी, खऱ्या चामड्याची बॅग घेऊन ती घरी आली.

"किंमत विचारायची नाही," तिने उंबऱ्यातच बजावलं. "आणि ही तुमच्या कारखान्यातली नाही. हिला हात लावायचा नाही."

"नुसती बघायची?"

"लांबून."

रविवारी दुपारी मायलेकी केस कापायला गेल्या. घर रिकामं, बॅग समोर आणि खिशात भिंग. ऋषिमुनी ढळले, तिथे तपासनिसाची काय कथा! नापासरावांनी आधी शिवण पाहिली. एकेक टाका सारखा, सारखाच तिरका, शेवटच्या गाठीपर्यंत दोरा कुठे सुटलेला नाही. कडा आतून दुमडून हाताने घोटलेल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावर असं काम आलं नव्हतं. कोणीतरी दूरवर बसून इतकं मन लावून काम करतंय, आणि ते आपल्या बायकोच्या नशिबात आलंय, या विचाराने त्यांनी भिंग शर्टाला पुसून पुन्हा डोळ्याला लावलं. चेन पाच वेळा ओढून झाली. (अकरा वेळा.) तीही लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली.

इथेच थांबायला हवं होतं. पण हँडल राहिलं होतं ना! समजा, उद्या भर मीटिंगमध्ये, सगळ्या डॉक्टरांदेखत हँडल तुटलं तर? घरात तपासनीस असून बायकोची फजिती व्हावी? म्हणजे आता टेस्ट न घेणं हाच गुन्हा ठरत होता. नापासरावांनी लेकीचा जाडा शब्दकोश, दोन डंबेल आणि इस्त्री असा ऐवज गोळा केला, प्रत्येक वस्तू स्वच्छ टॉवेलात गुंडाळली, वजनकाट्यावर बरोबर बारा किलो केले आणि बॅगेत बाळाला निजवावं तसे निजवले.

आता टांगायची कुठे? दाराची खुंटी लेचीपेची होती. घरात एकच जागा भरवशाची होती, ती म्हणजे भिंतीतल्या कपाटाची दांडी. ती आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः बसवली होती. बायको तेव्हा म्हणत होती, सुताराला बोलवा. ते म्हणाले होते, "हत्ती टांग, हलायची नाही." त्यांनी सोळा कपडे हलकेच बाजूला सारले, मधे बॅग टांगली, घड्याळ लावलं आणि चहाचा कप घेऊन समोर स्टूलवर बसले.

अठराव्या मिनिटाला फोन वाजला.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. बसलोय."

"कुठे?"

"कपाटासमोर."

"कशाला?"

"तुझे कपडे बघतोय." (हे खोटं नव्हतं. कपडे समोरच होते.)

मग अगदी हळू, लग्नाआधीच्या आवाजात प्रश्न आला, "खरंच? आवडले का हो?"

"फार. आणि बॅग तर काय! अठरा मिनिटं झाली, ढिम्म हललेली नाही."

"बॅग कशाला हलेल?"

"नाही... म्हणजे... तिचा रंग. रंग अगदी स्थिर आहे."

"अहो, तुम्ही बरे आहात ना?"

एवढ्यात कपाटातून कर्र असा आवाज आला. हँडलचा नव्हे. भिंतीतला स्क्रू दोन बोटं बाहेर आला होता. नापासराव 'बॅग!' असं ओरडून झेपावले आणि बॅग त्यांनी पोटाशी धरली. मग दांडी आली. दांडीबरोबर भिंतीचा गिलावा आला. सोळाच्या सोळा कपडे आले. वरची फळी कशाला मागे राहते? तीही आली, आणि सत्तावीस कपड्यांचं गाठोडं त्यांच्या टकलावर सुटलं.

"काय पडलं?" फोन खालून किंचाळला.

"काही नाही! बॅग सुखरूप आहे!"

"मी बॅगेचं विचारलंच नाही! आलोच आम्ही!"

हाताशी वीस मिनिटं होती. चहा सांडला होता तो सुदैवाने त्यांच्याच पॅन्टवर. पण ठेवायचे आणि द्यायचे कपडे एक झाले होते आणि सगळ्यांवर गिलाव्याची पांढरी पूड बसली होती. काळं जाकीट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसत होतं. ते त्यांनी आधी बाल्कनीत नेऊन झटक झटक झटकलं. मग ते बाकीचा ढीग निवडायला बसले. यात काय अवघड आहे? सव्वीस वर्षं आपण दुसरं केलंय काय? चांगलं इकडे, नापास तिकडे.

त्यांनी निळा ड्रेस उचलला. लेकीला पहिल्यांदा शाळेत सोडून आल्यावर ती याच निळ्या ड्रेसमध्ये जिन्यात बसून रडली होती. हा इकडे. मग कोपरावर विरलेला करडा स्वेटर. त्यांना ताप होता तेव्हा ती तीन रात्री हाच घालून उशाशी बसली होती. हाही इकडे. पिवळ्या ड्रेसचा रंग पार उडाला होता, पण त्यात ती हसली की... जाऊ दे. इकडेच. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालात खोट काढणाऱ्या माणसाला त्या ढिगात एक खोट सापडेना.

मायलेकी आल्या तेव्हा पलंगावर कपड्यांचा डोंगर होता आणि शेजारी केसांत गिलावा घेऊन नापासराव उभे होते. (जे काही केस होते त्यांत.)

"बाबा, हे काय?" लेकीने डोक्याला हात लावला.

"कपडे मिसळले होते. निवड केली."

"मग यातले ठेवायचे कुठले?"

"सगळे."

"आणि नापास?"

नापासरावांनी गुपचूप जमिनीवरच्या दांडीकडे बोट दाखवलं.

बायको पुढे झाली. तिने बॅग उचलली, आतून एकेक टॉवेल काढला, शब्दकोश काढला, डंबेल काढले. इस्त्री हातात घेऊन तिने नवऱ्याकडे एक क्षण असं पाहिलं, की लेक मधे येऊन उभी राहिली.

"किती किलो?" तिने विचारलं.

"बारा."

"किती वेळ?"

"एकोणीस मिनिटं. बॅगेला काही झालं नाही गं. टाकासुद्धा हलला नाही." मग त्यांनी पलंगाकडे पाहिलं. "आणि यांतही नापास करण्यासारखं काही सापडलं नाही. तू प्रत्येकात चांगलीच दिसतेस. मी आधी सांगायला हवं होतं. राहून गेलं."

ती इस्त्री खाली ठेवून पलंगावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पास केलंत काहीतरी. आता सगळं धुवा."

त्यांनी धुतलं. रात्रीपर्यंत धुतलं.

सोमवारी काळं जाकीट घालून, हातात हिरवी बॅग घेऊन ती निघाली आणि नापासराव गॅलरीतून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. अख्खी दिसत होती. मीटिंग झकास झाली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बॅग हातात घेऊन विचारलं, "सुंदर आहे, पण टिकेल का?" तेव्हा ही ऐटीत म्हणाली, "बारा किलो, एकोणीस मिनिटं. तज्ज्ञांकडून तपासून घेतलीय." नापासरावांनी ते वाक्य तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तज्ज्ञ! मंगळवारी ते कारखान्यात छाती काढून चालत होते.

मंगळवारी संध्याकाळी सुतार आला. भिंतीतली भोकं बघून त्याने कपाळावर हात मारला.

"साहेब, ही दांडी कुठल्या दिवट्याने बसवली होती हो? स्क्रू नुसते गिलाव्यात खोचलेत! एखादा ओला टॉवेल टाकला असता तरी पडली असती."

नापासरावांनी घसा साफ केला. तज्ज्ञाला आता माघार घेणं शक्य नव्हतं.

"आधीचा भाडेकरू होता एक," ते म्हणाले. "अगदीच अडाणी माणूस."

"गेला का सोडून?"

तेवढ्यात बायको हॉस्पिटलातून आली. तिने हिरवी बॅग अलगद टेबलावर ठेवली आणि सुताराला म्हणाली, "कुठला जातोय! चोवीस वर्षं झाली, इथेच राहतोय."