यांगचेन सिस्टरचा बुधवार

बुधवारी आमच्या यांगचेन सिस्टरला मराठी येत नसे. मंगळवारी येई, गुरुवारी येई. बुधवारी मात्र दवाखान्यातलं काम उरकून बाई खोलीवर आली, की फक्त तिबेटी. समोर मी असो, दूधवाला असो, नाहीतर कोंबड्या.

मुरबाडकडच्या वैशाखरे गावात, एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि मी केसपेपर लिहायची. आमच्या खोल्यांची भिंत एकच. पहिल्याच बुधवारी मी विरजण मागायला गेले, तर तिनं मला भलंमोठं काहीतरी ऐकवलं. वाटलं, रागावली. दुसऱ्या दिवशी स्वतःच विरजण घेऊन आली.

"ताई, सहा दिवस तुमचे, एक माझा. बुधवारी आमची माणसं असतील तिथं आपलं बोलतात, आपलं नेसतात."

नेसतात म्हणजे छुपा, घोट्यापर्यंतचा जाडजूड झगा. मे महिन्यात तो घालून ती घामाने निथळत अंगणात भांडी घासायची. मी काही म्हटलं तर गुरुवारी उत्तर मिळायचं, "घाम येतो म्हणून काय आपलं सोडायचं?"

खरं तर तिनं तिबेट पाहिलाच नव्हता. आईवडील बर्फातून चालत आलेले. तिचा जन्म कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीतला. मराठी ती आमच्याकडेच शिकली, त्यामुळे तिचं 'नाय' आणि 'आमी' अस्सल मुरबाडचं होतं. भाजलेल्या सातूचं पीठ लोणी-मिठाच्या चहात मळून खायची तिच्या घरची रीत. इथे सातू मिळेना, म्हणून तिनं नाचणी धरली. शेजारच्या ठमाआजीनं गोळा चाखून निकाल दिला, "च्यात मीठ घालतंस ता वंगाळ. पन नाचणी आमचीच हाय गो!"

एकदा बुधवारीच ती वाण्याकडे साखरेला गेली आणि निघताना "थुक्जेछे" म्हणाली. तिच्या भाषेत ते 'आभारी आहे'. वाणी चिडून माझ्याकडे आला. "मी कुठं थुकलो? गुटखा सोडून वरीस झालं!"

बुधवारी तिला खरी उत्तरं मिळायची ती फोनवर. वसाहतीत तिची थोरली बहीण असायची, तिला ती 'आचा' म्हणे. तासभर दोघी हसायच्या, भांडायच्या. भिंतीपलीकडून मला एक अक्षर कळत नसे, पण त्या आवाजात माझा स्वयंपाक छान व्हायचा.

मग एका पावसाळ्यात आचा गेली. सिस्टर गावी जाऊन आठवड्याने परतली. बुधवार आला. तिनं छुपा घातला, पायरीवर बसली आणि गप्प राहिली. पुढच्या बुधवारीही तेच. भिंतीपलीकडची ती शांतता मला सोसेना. तिसऱ्या बुधवारी मी पाट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "बोल. मला सांग."

तिनं छुपा गुडघ्यांवर नीट केला. मग बोलायला लागली. आधी हळू, मग जोरात, मध्येच बोट नाचवून कुणाला तरी दटावल्यासारखं. रडली. शेवटी हसली, तर मीही हसले. दिवेलागण झाली, चूल तशीच राहिली.

सकाळी दवाखाना उघडताना तिनं विचारलं, "काल काय समजलं तुला?"

"काय नाय."

"आई गेली तवा आचानं मला दोन दिवस उशिरा कळवलं. माझी नर्सिंगची परीक्षा होती म्हणून. आईचं तोंड पण नाय बघितलं मी. इतकी वर्षं फोनवर सगळं बोललो, पण ते कधी नाय बोलले. काल बोलले. माफ केलं तिला." तिनं टोपीला पिन लावली. "आपल्या भाषेत सांगितलं ना ताई, म्हणजे पोचतं तिथं. पण समोर कोणतरी बसायला लागतं."

मी केसपेपरांचा गठ्ठा उगाच सारखा करत राहिले. तोवर ती दारात गेली होती आणि बाकावरच्या म्हातारीला हाताला धरून उठवत होती, "चल गो आजी, कवापासून खोकतंस?"