पांढऱ्या फितीच्या काकड्या

काकडीचं एक पान ओल्या फडक्याने पुसावं, एवढंच मी ठरवलं होतं. त्या एका पानापायी माझ्या सुनेची नोकरी पणाला लागली आणि मला घरात तोंड दाखवायची चोरी झाली. (आमचे हे म्हणतात, "तुझी लाज आठवडाभरात उतरते." या वेळी उतरलेली नाही.)

माझी सून शेतीची औषधं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. तिचं काम अळंबीतून, म्हणजे मशरूममधून, औषध काढण्याचं. एकदा भाजी निवडता निवडता तिने मला समजावून सांगितलं.

"जंगलात पडलेल्या लाकडावर एक बारीकशी अळंबी उगवते, आई. त्या लाकडावर दुसऱ्या बुरशीने हक्क सांगू नये म्हणून ती अंगातून एक रस सोडते. मग दुसरी बुरशी तिथे वाढतच नाही. त्या रसातून आम्ही पिकांसाठी औषध करतोय."

"पण अळंबी म्हणजेसुद्धा बुरशीच ना?"

"हो."

"मग ही भाऊबंदकीच झाली की."

सून हसली. "हे आमच्या साहेबांना सांगा. त्यांना इतकं सोपं करून कधी सांगता आलं नाही." या वाक्याने माझा घात केला. मला वाटायला लागलं, की या विषयातलं आपल्याला कळतं.

पुढे कंपनीच्या काचघराची दुरुस्ती निघाली आणि सून काकडीच्या कुंड्या घरी घेऊन आली. गॅलरीत दोन ओळी लावल्या. एका ओळीला निळी फीत, दुसरीला पांढरी. सगळ्या रोपांवर तिने मुद्दाम भुरीची लागण केली होती. भुरी म्हणजे पानांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा रोग.

"निळ्यांवर मी एक दिवसाआड औषध फवारणार, पांढऱ्यांवर नुसतं पाणी," ती म्हणाली. "तुम्ही रोज सगळ्यांच्या मुळाशी पाणी घाला. पानांना मात्र हात लावू नका."

"पांढऱ्यांना औषध का नाही?"

"त्या आजारी पडल्या, तरच निळ्या औषधामुळे वाचल्या हे सिद्ध होईल ना. यावरच साहेब मला कायम करणार आहेत."

डोक्याला पटलं. पण मन काही डोक्याला विचारून चालत नाही. मी दोन मुलं वाढवली आहेत. एकाला खोकला झाला, तर दुसऱ्यालाही मी चमचाभर औषध पाजायची, नाहीतर तो रुसून बसायचा. आणि इथे एकाच गॅलरीत एका ओळीला औषध आणि दुसरीला पाण्याची फसवणूक. पांढऱ्या फितीच्या पानांवर ठिपके दिसायला लागले, तेव्हा कोपऱ्यातलं एक रोप तर अशी मान टाकून उभं होतं, की मला राहवेना. सून कामावर गेल्यावर मी त्याचं एक पान पुसलं.

एक पुसल्यावर शेजारच्याला काय वाटेल, म्हणून तेही पुसलं. मग सगळीच पुसली. पुसलेल्या पानांवर पुन्हा ठिपके आले, तेव्हा फळीवरची औषधाची बाटली घेतली आणि पांढऱ्यांवरही थोडं थोडं फवारलं. (सुनेसारखाच तोंडाला रुमाल बांधून. काम कसं व्यवस्थित झालं पाहिजे.)

असं रोज चाललं. साहजिकच बाटली भराभर उतरायला लागली. सुनेच्या लक्षात येऊ नये, म्हणून पाहुणे वाढल्यावर आपण पातेल्याचं जे करतो तेच मी बाटलीचं केलं. नळाखाली धरली.

परिणाम असा झाला, की पांढऱ्या जरा सुधारल्या आणि पाणचट औषधाने निळ्या जरा बिघडल्या. दोन्ही ओळी अगदी सारख्या दिसायला लागल्या. मला फार समाधान वाटलं.

एका संध्याकाळी सून गॅलरीत फरशीवरच बसलेली दिसली.

"सगळ्या सारख्याच दिसतायत, आई."

"हो ना. किती छान."

"छान?"

"म्हणजे कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही."

"आई, याचा अर्थ आमचं औषध कुचकामी आहे." तिचा आवाज इतका बारीक झाला, की मला पुढे वाकावं लागलं. "उद्या साहेब बघायला येणारेत. काय दाखवू त्यांना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सांगून टाकायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "चहा टाकू का?"

दुसऱ्या दिवशी सून साहेबांना आणायला खाली उतरली आणि मी पावडरचा डबा घेऊन गॅलरीत शिरले. बिघडवलं आपण, निस्तरायचंही आपणच. पांढऱ्या फितीच्या पानांवर मी हलक्या हाताने पावडर लावत होते, तेवढ्यात हे पेपर घेऊन तिथून निघाले.

"काय चाललंय?"

"पावडर लावतेय."

"कुणाला?"

"काकडीला."

"बरं," असं म्हणून हे आत गेले. (तीस वर्षांच्या संसारात यांनी मला नेमकं जिथे अडवायला हवं, तिथे कधी अडवलेलं नाही.)

साहेब आले. शांत, किडकिडीत माणूस, गळ्यात भिंग. पांढरी ओळ बघून सून दारातच थबकली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग गोंधळ. साहेब वाकले, भिंग लावलं, एक पान बोटाने चोळलं आणि बोट नाकाशी नेलं.

"या भुरीला गुलाबाचा वास येतोय," ते म्हणाले.

साहेबांनी सुनेकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. विश्वासाने दागिना ठेवायला दिला आणि तो खोटा निघाला, तर माणूस जसा बघतो, तसं बघितलं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती मला."

सून बिचारी काय सांगणार? तिला काही ठाऊकच नव्हतं.

"पावडर माझी आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"अंगाला लावायची. ती आत्ता मी लावली. तिला यातलं काही माहीत नाही." मग फडक्यापासून नळापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना मी काकड्यांकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "बाटलीत साधारण किती पाणी घातलंत?"

मी आठवायला लागले, तर आतून यांचा आवाज आला, "पुष्कळ घातलं असणार. तिचा हात सढळ आहे."

साहेब स्टुलावर बसले. "आम्ही उन्हाचा विचार करतो, उंदरांचा करतो, मुंग्यांचा करतो," ते म्हणाले. "दयेचा विचार कधी केला नव्हता." मग सुनेकडे वळून म्हणाले, "मघाशी बोललो ते मागे घेतो. पण प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल. कायम करण्याचं त्यानंतर बघू."

ते गेल्यावर सून मला रागवेल म्हणून मी वाट बघत बसले. ती रागावली नाही. तिने बाटली धुतली, पुसली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. ती बाटली पिशवीत जाताना बघून मला जमीन दुभंगावी असं झालं.

मग ती म्हणाली, "आई, त्या आजारी पडायलाच आणल्या होत्या."

"माहीत होतं गं मला."

"मग?"

"त्या माझ्याकडे बघत होत्या."

यावर ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली.

नव्या कुंड्या आल्या, तेव्हा पाणी घालायचं काम तिने यांच्याकडे सोपवलं. निवड अगदी योग्य होती. घरात कोण आजारी आहे हे यांना ते माणूस बरं झाल्यावर कळतं. मी विचारलं, "मी काही मदत करू का?" सुनेने जरा विचार केला आणि फार प्रेमाने म्हणाली, "आई, तुम्ही पुष्कळ दिवसांत माहेरी गेला नाहीत, ना?"

तर हे सगळं मी भावाच्या घरी बसून लिहितेय. काल यांचा फोन आला.

"पांढऱ्या फितीच्या झकास आजारी पडल्यात," हे म्हणाले. सुनेने सांगितलं असणार, नाहीतर यांना कुठलं कळायला.

"आणि निळ्या?"

"हिरव्यागार. साहेब खूश आहेत. पोरीचं काम होणार असं दिसतंय."

माझा जीव भांड्यात पडला. "मग मी परत येऊ का?"

यांनी फोनवर हात ठेवला. पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग हे म्हणाले, "ती म्हणते, काकड्या लागेपर्यंत राहा. घाई करू नका."

फोन ठेवला, तर दारात वहिनी उभी. "काय म्हणतायत घरचे?"

"खूप आग्रह करतायत," मी म्हणाले.

कशाचा, ते तिने विचारलं नाही.