दुखण्याचा पोत

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी "डोकं दुखतंय" म्हणालं, की दत्तूकाका उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू चोळत विचारणार, "ते कळलं. पण पोत काय?"

नव्या माणसाला वाटतं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. पण काकांना खरोखरच पोत हवा असतो. उभी हयात त्यांनी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून काढली. गिऱ्हाइकापुढे तागा उलगडायचा, काठ चिमटीत धरून अंगठ्यानं चोळायचा आणि म्हणायचं, "घेऊ नका. नुसता हात लावा." निवृत्त झाले, दुकान सुटलं, पण चिमूट काही सुटली नाही. आता अंबरनाथ पूर्वेला आमच्या समोरच्या दारात राहतात. काकू गेल्या, मूलबाळ नाही, तेव्हा कापडाऐवजी लोकांची दुखणी हाताळतात.

त्यांच्या मते 'दुखतंय' म्हणणं म्हणजे दुकानात येऊन नुसतं 'कापड द्या' म्हणण्यासारखं आहे. कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा. कळ सलग येते. चमक म्हणजे जरीचा एकच धागा, दिसला न दिसला तोच गेला. घेरी आणि भोवळ ह्यांतला फरक त्यांनी मला बऱ्याचदा समजावलाय. एकीत घर फिरतं आणि दुसरीत आपण, असं काहीतरी आहे, पण कुठलीत कोण ते माझ्या लक्षात राहत नाही. "कसंतरीच होतंय" म्हणणाऱ्याला मात्र ते दारातूनच परत पाठवतात. म्हणतात, "कसंतरी हा माल आपण ठेवत नाही."

ह्या विद्येचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्याकडे आजाऱ्यानं आपलं दुखणं आपण सांगायची पद्धत नाही. तो स्टुलावर खाली मान घालून बसतो आणि सोबतचा माणूस सांगतो. नवऱ्याचं बायको सांगते, सासूचं सून सांगते. सोबतचाच मुखदुर्बळ निघाला तर डॉक्टर तरी काय करणार? म्हणून बुवापाड्यापासून बदलापूरपर्यंतचे लोक काकांना सोबत नेतात. आदल्या संध्याकाळी काका आजाऱ्याला आपल्या गॅलरीत बसवतात, चहा पाजतात आणि निवांत सगळं काढून घेतात. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प पाचला डॉक्टरांसमोर हजर.

डॉक्टर सिंधी, वयानं काकांच्याच बरोबरीचे. काकांना पाहिलं की चष्मा वर सरकवून म्हणतात, "बोलो साईं, आज कौनसा कपडा लाया?" मग काका डोळे अर्धे मिटतात, चिमूट सुरू होते आणि आवाज खाली येतो. दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना आहे, तिथल्या मशिनींची घरघर जमिनीतून वर येत असते. पंखा आपला कसाबसा फिरतो. काका गुंगीबद्दल बोलत असले की बाकड्यावरच्या लोकांच्या माना हळूहळू छातीवर येतात. मुंग्यांबद्दल बोलायला लागले की तेच लोक पाय वर घेऊन बसतात. कंपाउंडरसुद्धा पुड्या बांधायचं विसरतो.

ह्या कलेनं एकदा घोटाळाही केला. बदलापूरला एका बारशाची बासुंदी नासली आणि जेवून गेलेले सगळे एका नर्सिंग होममध्ये आडवे झाले. यजमानांनी काकांना बोलावून घेतलं. काका सांगू लागले, "आधी तोंडाला पाणी सुटतं, पण ते भुकेचं नव्हे. मग मळमळ. ती उंबऱ्यावर उभी राहते, आतही येत नाही आणि जातही नाही. मग उमासे. मग पोटात पीळ पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी..." इथपर्यंत आले आणि त्यांच्याच कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले आणि ते खुर्चीवरून घसरले. नर्सनं पहिली सलाईन त्यांनाच लावली. बाटली अर्धी संपल्यावर चौकशीत निघालं, की काकांनी बासुंदी चाखलीसुद्धा नव्हती. त्यांना बारशाचं आमंत्रणच नव्हतं.

लोक अजून हसतात ह्यावर, मीही हसते. पण माझ्या आईच्या पायांचं त्यांनी सांगितलं, तेव्हापासून जरा जपून हसते. आईला साखर आहे. कितीतरी दिवस ती मला एवढंच सांगायची, "पाय माझे राहिले नाहीत गं." मी म्हणायचे, मग कुणाचे आहेत? काकांनी तिला गॅलरीत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, "वहिनींना मोजे घातल्यासारखं वाटतं. जाड, लोकरीचे. काढायला जावं तर मोजे नाहीत. त्या मोज्यांच्या आत मुंग्या चालतात. जमीन आहे, पण ती पायांपर्यंत पोचत नाही. चप्पल रस्त्यात राहते आणि ह्या घरी येतात."

डॉक्टर म्हणाले, "नसों का है," आणि लिहायला लागले. आई पदरानं डोळे पुसत होती. रिक्षात मला म्हणाली, "अर्धं दुखणं त्यांनी तिथंच ठेवून घेतलं."

गेल्या वर्षभरात काकांमध्ये थोडे बदल झाले. आवाज आणखी हळू झाला, तसे ऐकणारे आणखी पुढे वाकू लागले. आम्हाला वाटलं, कला चढतेय. चेहरा फारसा हलेनासा झाला. आई म्हणाली, साधूसारखे दिसतात हल्ली. कडक इस्त्रीचे सदरे जाऊन गोल गळ्याचे टीशर्ट आले, तेव्हा खालची पोरं म्हणाली, "काका एकदम यंग हो गया." आणि गॅलरीत एकटे बसले असले तरी त्यांची ती चिमूट चालूच असायची. मला ते बघायला फार आवडायचं. दुपारचं ऊन गॅलरीत अर्ध्यापर्यंत आलेलं, रस्ता पेंगुळलेला, लांबून भंगारवाल्याची हाक, आणि काका हवेतली कुठली तरी मलमल अंगठ्यानं पारखताहेत. वाटायचं, दुकानात परत जाऊन बसलेत. समोर शेठ आहे, गिऱ्हाईक आहे, काकू डबा घेऊन आल्यात. त्यांना हाक मारायचं माझ्या जिवावर यायचं.

मागच्या महिन्यात आईला दाखवायला आम्ही तिघं कॅम्प पाचला गेलो. काकांनी आईचं सांगितलं, छानच सांगितलं. डॉक्टर कागदावर औषधं लिहीत होते. लिहिता लिहिता ते थांबले आणि काकांच्या हाताकडे बघत राहिले.

"साईं, बोलना तो हो गया ना?" ते म्हणाले. "अब हाथ को भी बोलो, रुक जाए."

काका हसले. हात थांबला नाही. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला, तर त्या हाताखालीसुद्धा अंगठा तर्जनीवर चाललाच होता, जणू काकांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

"कब से है?"

काकांनी खाली मान घातली.

"शर्ट का बटन लगता है? खुशबू आती है, चाय की, अगरबत्ती की?"

ज्या काकांनी परक्याच्या बासुंदीपायी सलाईन लावून घेतली, त्यांना स्वतःसाठी एक शब्द मिळेना. टेबलाच्या कडेकडे बघत ते म्हणाले, "आपलं आपण सांगत नाहीत, डॉक्टर. आमचं सांगणारी गेली."

म्हणजे हा आजार आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ह्याची थरथर, त्याचा बधिरपणा असं एकेकाचं घेऊन ते ह्याच डॉक्टरांसमोर येऊन बसत होते, आणि एखाद्या वेळी डॉक्टरांची नजर आपल्या हातावर पडेल म्हणून वाट बघत होते. आम्ही त्याला कला म्हणत होतो.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "सांग ना गं त्यांचं."

मी स्टूल पुढे ओढलं. "डॉक्टर, ह्यांना कसंतरी..." एवढं म्हणून मी जीभ चावली. काकांनी डोळे मिटून घेतले होते. लांबच्या कुठल्या तरी माणसाबद्दल ऐकायला बसावं तसे ते शांत बसले होते. खाली मशिनी चालू होत्या. वर्षभर गॅलरीत जे जे पाहिलं होतं ते मी एकेक आठवू लागले.

"डॉक्टर, हे पॉपलिनचे सदरे घालायचे," मी म्हटलं. "बटणांचे, कडक इस्त्रीचे. ते आता घालत नाहीत."

"टेरीकॉट," काका डोळे न उघडता पुटपुटले.

"टेरीकॉटचे," मी म्हटलं, आणि पुढचं सांगू लागले.