पोहरा बांधलेली सायकल

काशीदादांच्या सायकलच्या कॅरिअरला एक पोहरा आणि वीस हात दोर कायम बांधलेला असायचा. हवा भरायचा पंप नाही, पाना नाही, पंक्चर झालं तर लावायला ठिगळ नाही, पण दोर हवाच. ज्या गावात जाऊ तिथली सगळ्यात जुनी विहीर शोधायची, पोहरा सोडून पाणी काढायचं, ओंजळीनं प्यायचं आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. "मास्तर, पानी पिल्याशिवाय गाव कलत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलं होतं की शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहायचं तेवढं बाकी होतं.

मास्तर म्हणजे मी. भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि दादांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. दादा मूळचे जवळच्याच वळ गावचे. त्यांच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी होती आणि थोरल्या मुलानं दाराशी नवी कोरी गाडी आणून ठेवली होती. दादा ती गाडी दर आठवड्याला ओल्या फडक्यानं मन लावून पुसायचे आणि मग सायकलवर टांग टाकून निघून जायचे. मुलगा कपाळावर हात मारून घ्यायचा.

निघायचा वार शुक्रवार. भिवंडीचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, शुक्रवारी बंद असतात. सहा दिवस, रात्रंदिवस ती खटखट भिंतींतून, भांड्यांतून, जेवताना दातांतूनसुद्धा वाजत असते. शुक्रवारी ती थांबली की गाव एकदम हलकं होतं. लांबच्या मशिदीसमोरची कबुतरं उडालेली ऐकू येतात. दादा ओट्यावर येऊन कान देत उभे राहायचे. "आज डोंगराचं आयकू येतंय," म्हणायचे, आणि लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून पसार.

आता साठीचा एकटा म्हातारा, मागे दोर बांधलेला, डोंगराच्या वाटेनं निघालेला. लोकांना शंका येणारच! एकदा अंबाडी गावाच्या पुढं एका हवालदारानं अडवलं. "काका, घरी काय वाजलंय का? चला, चहा घेऊ." दिघाशीत तर कहर झाला. दादा विहिरीच्या काठावर वाकून, "किती खोल असंल?" असं स्वतःशी पुटपुटत होते. पाणी भरायला आलेल्या बायांनी कालवा केला. अर्धं गाव जमलं. सरपंचानं दंडाला धरलं, कुणा म्हातारीनं आपलं सगळं दुःख सांगितलं आणि शेवटी त्यांना बळंबळं पाटावर बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली.

"मग तुम्ही सांगितलं नाही, नुसतं पाणी प्यायला आलोय म्हणून?" मी विचारलं.

"सांगितला ना. जेवल्यावर सांगितला."

शनिवारी सकाळी ते माझ्या जिन्यावर बसून कालची गावं सांगायचे. भूगोल मी शिकवायचो, पण गावं त्यांच्याकडून ऐकावीत. लोनाडचं पाणी म्हणे राजाचं, ते बसून पिऊ नये. तिथं आंब्याखाली एक वीरगळ पडलाय, लढाईत मेलेल्या वीराचा कोरीव दगड. त्यातल्या घोडेस्वाराच्या तोंडावर त्यांनी पाणी शिंपडलं. का? तर आठशे वर्षं उन्हात बसलाय बिचारा! सोपाऱ्याचं पाणी लय शिकलेलं, जिभेवर थांबतच नाही. एका गावचं पाणी गोड, पण जरा गर्विष्ठ. ते असं सांगू लागले की माझा चहा गार व्हायचा. डोळ्यांपुढं पळसाचे डोंगर, दगडी पायऱ्यांच्या विहिरी आणि लांब कुठंतरी समुद्राची चकचकीत रेघ यायची. बाहेर लूम सुरू झालेले असायचे, आणि ते मला तासभर ऐकू यायचे नाहीत.

मात्र एक गाव त्यांच्या बोलण्यात कधी यायचं नाही. हे मला वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे दादांची बायको. सोपाऱ्यापलीकडं, समुद्राला लागून, दादांच्या धाकट्या बहिणीचं, जनाबाईचं गाव. "सगल्या दुनयेचं पानी पितात," वहिनी म्हणाल्या, "पन भैनीच्या गावाच्या अलीकडच्या गावातना मागं फिरतात. बारा वर्सं झाली."

गोष्ट साधीच होती आणि आमच्याकडं घरोघरी घडलेली. जमीन गोदामाला द्यायची म्हणजे बहिणींची हक्कसोडीवर सही लागते, वडिलांच्या जमिनीवर माझा हक्क नाही अशी. दादांनी बोलावलं, जनाबाई आली. कागद वाचलासुद्धा नाही तिनं, सही केली आणि दुपारच्या एसटीनं परत गेली. रागाचा एक शब्द बोलली असती तर दादांना भांडता तरी आलं असतं. ती काही बोललीच नाही. त्या वर्षी भाऊबीजेला दादा तयार होऊन ओट्यावर बसले आणि बसूनच राहिले. मग पुढची भाऊबीज आली, मग त्याच्या पुढची. चांगला दांडगा माणूस, पण बहिणीपुढं उभं राहायची हिंमत नाही. मला सांगायला काय जातं, पण मला राग यायचा त्यांचा.

बारा वर्षांनंतरच्या त्या मे महिन्यात वसईकडची एक भाजीवाली निरोप घेऊन आली. जनाबाईच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, येत्या शनिवारीच. "भैनीनं सांगितलंय, मामानं हात धरून आनल्याबिगर पोरगी मांडवात येनार न्हाय." दादांनी ऐकलं, भाजीवालीला पाणी दिलं आणि गाडी पुसायला घेतली. पुसलेलीच गाडी परत पुसली. गुरुवारपर्यंत हो नाही आणि नाही नाही.

शुक्रवारी पहाटे माझ्या दारावर थाप. "मास्तर, सुट्टी हाय ना? चला, पानी पिऊन येऊ."

माझी सायकल माझ्या शाळकरी मुलाची, सीट दगडाची आणि वजन माझं. तरी गेलो. वज्रेश्वरीला उजाडलं. गरम कुंडांवर वाफ होती आणि दादा म्हणाले, ह्या पान्याला ताप हाय, ह्याला आराम करू द्या. पारोळच्या पुढं चढ लागला. डाव्या हाताला तुंगारेश्वरचा डोंगर सकाळच्या धुरकट हवेत अर्धा बुडालेला, रस्त्यावर करवंदांचा वास, कुठं माणूस नाही. आमच्या चाकांचाच काय तो आवाज. चढावर मी सायकल ढकलत होतो आणि दादा शेजारून अगदी हळू पायडल मारत, झोपेत बोलावं तसं बोलत होते. ह्याच वाटेनं पूर्वी बैलांचे तांडे उतरायचे म्हणे, सोपाऱ्याच्या जुन्या बंदराकडं. मला खरंच घुंगरं ऐकू आल्यासारखं झालं. दमल्यामुळं असेल.

सोपारा मागं पडलं. केळीच्या वाड्या लागल्या, हवेला मीठ आलं. शेवटी एका जुन्या देवळामागच्या विहिरीशी दादा उतरले. हेच ते अलीकडचं गाव. त्यांनी पोहरा सोडला, पाणी काढलं, प्यायले. निकाल दिला नाही. दोर गुंडाळायला लागले. एकदा गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग सायकलचं तोंड भिवंडीकडं वळवलं.

"चला मास्तर. तिकडं काय न्हाय. पुढचं पानी खारं हाय."

माझी मांडी सोलली होती, डोक्यावर ऊन आलं होतं आणि मागं तो सगळा चढ आ वासून बसला होता. माझं डोकंच फिरलं.

"खारं तर खारं!" मी म्हणालो. "मला आता चढ चढवत नाही. समुद्राकडं उतार आहे, मी उतारानं चाललो. तुम्ही जा परत."

"अवो, वाट ठावं हाय का तुमाला? भलतीकडं जाल!"

"मग दाखवायला या!"

आणि मी सायकल उताराला सोडून दिली. दोन वळणं मागं वळून पाहिलं नाही. भीती वाटत होती की मागं कुणीच नसेल. मग मागून घंटी वाजली. दादा ओरडत होते, "डावीकडं मास्तर, डावीकडं! नारलाच्या वाडीकडना!"

अंगणात मांडवाचे खांब रोवलेले होते. एक वाळकी, ठेंगणी बाई ओट्यावर उडदाची डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. दादा सायकल धरूनच उभे राहिले, स्टँडला लावायचं सुचेना. तिनं सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"दादूस," ती म्हणाली. "उन्हात कशाला उभा हायस?"

"जने," दादा म्हणाले, आणि सायकलच्या घंटीवरून उगाच बोट फिरवलं. मग एकदम म्हणाले, "गावागावाचं पानी प्यायलो गो. तुज्या दारात मागायला तोंड न्हवतं मना."

ती उठली. माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली आणि त्यांच्या हातात देऊन तिथंच उभी राहिली. "जमिनीवरचा हक्क सोडला मी," ती म्हणाली. "तुज्यावरचा कंदी सोडला? बारा भाऊबीजा ताट करून बसलंय मी, बारा." आणि मग जो तिचा हुंदका फुटला तो ऐकून मी माडांकडं बघत बसलो. माझेही डोळे भरले होते, लाजायचं काय त्यात!

पदरानं तोंड पुसून तिनं घरात हाक मारली. "सुमे, अगो भायेर ये, मामा आला!"

हळदीसाठी केस धुतलेली एक मुलगी ओल्या केसांनी धावत बाहेर आली. अंगणात दोन माणसं. एक धुळीनं माखलेला, लुंगी खोचलेला म्हातारा; दुसरा पँट-शर्टातला, पोट सुटलेला, चष्मेवाला मी. गोदामांचा मालक असलेला मामा तिनं आठव्या वर्षानंतर पाहिला नव्हता. ती सरळ आली आणि माझ्या पाया पडली.

दादांचा चेहरा मला आजही बघवत नाही. ओशाळून मी मागं सरकलो आणि म्हणालो, "बाळ, मी नाही. मी भाडेकरू."

पोरगी जीभ चावून वळली आणि दादांच्या पायांवर वाकली. दादांनी तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथंच राहिला. मांडवाच्या खांबांमधून समुद्राचा वारा येत होता. जनाबाई हसत होती की रडत होती कळत नव्हतं.

बराच वेळ गेला. खालूनच पोरगी म्हणाली, "मामा, उठू का आता?"

"थांब गो," दादा म्हणाले. "जरा थांब."